चार हातांवरची भिंत

एकतिसाव्या मिनिटाला राजमतीनं दोरी ओढली आणि पायाखालचा पट्टा गचकन थांबला. दोरी म्हणजे ट्रेडमिलची लाल दोरी. तिचं एक टोक चिमट्यानं अंगावरच्या कपड्याला लावायचं, दुसऱ्या टोकाला मशीनची किल्ली. चालता चालता माणूस मागं घसरला की दोरी ताणते, किल्ली निघते आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. राजमती काही घसरली नव्हती. तिनं ती आपल्या हातानं ओढली होती, आणि आता दोन्ही दांड्या घट्ट धरून ती उभी होती. छातीत धडधडत होतं, कानशिलं तापली होती. स्वयंपाकघरातून रूपाली, तिची सून, लाटणं हातात तसंच घेऊन धावत आली. "काय झालं आई?" राजमतीच्या तोंडून निघून गेलं, "मुंगी. पट्ट्यावर मुंगी हुती." झालं. त्या घरात या उत्तरापुढं प्रश्न नसतो. मंगळवार पेठेतलं चार पिढ्यांचं जैन घर ते. तिथं दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात, गाळल्याशिवाय पाणी माठात जात नाही. मुंगीसाठी थांबलेल्या बाईला तू थांबलीस असं कोण म्हणणार? रूपालीनं वाकून पट्टा न्याहाळला, "गेली वाटतं बाई सुखरूप," म्हणाली आणि हळदीचा डबा आणून मशीनच्या चारही पायांभोवती जाड रेघ ओढली, म्हणजे पुन्हा एखादा जीव चढायला नको. संध्याकाळी तिचा मुलगा जिनेंद्र कारखान्यातून आला, त्याला हे सांगितलं, तर तोही हसला नाही. "मग उद्या परत," एवढंच म्हणाला. "पण उद्या शेवटचं हं आई. रविवारी माताजी निघणार." जेवणं झाल्यावर राजमतीनं नेहमीसारखं ओटा पुसला, आणि पुसता पुसता तिला स्वतःचीच शिसारी आली.

माताजी म्हणजे राजमतीची सख्खी थोरली बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी तिनं दीक्षा घेतली, आर्यिका, म्हणजे जैन साध्वी झाली. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी, एक कमंडलू आणि आयुष्यभर पायी विहार. दीक्षेच्या वेळी मिळालेलं नवं नाव लांबलचक होतं, राजमतीच्या तोंडात ते कधी बसलं नाही, आणि जुनं नाव घ्यायची सोय राहिली नव्हती. मनातल्या मनात ती अजून आक्काच म्हणायची. आठ दिवस झाले, तिचा संघ कोल्हापुरातल्या बस्तीत, जैन मंदिरात, उतरला होता. राजमती दोनदा गाडीनं जाऊन दर्शन करून आली. दोन्ही वेळेला हीऽऽ गर्दी. रांगेतून पुढं सरकायचं, गुडघे टेकायचे, "वंदामी माताजी" म्हणायचं. पिंछी वर होते, "सद्धर्मवृद्धिरस्तु" असा आशीर्वाद येतो, आणि मागची बाई पाठीत कोपर लावते. आक्कानं दोन्ही वेळेला तिच्याकडं पाहिलं आणि दोन्ही वेळेला जसं मागच्या बाईकडं पाहिलं तसंच पाहिलं. आता रविवारी संघ निघणार होता तो थेट महिनोन्महिन्यांच्या अंतरावरच्या शिखरजी तीर्थाच्या वाटेनं. आक्का अडुसष्ट वर्षांची. पायी जाणार. परत या बाजूला यायची नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त कुणी बोलून दाखवत नव्हतं. गावाबाहेर पुलाच्या अलीकडं संघ घटकाभर बसतो असं राजमतीला शेजारणीकडून कळलं होतं. तिथं गर्दी नसते, बस्तीपासून संघाबरोबर चालत आलेल्या चारदोन बायाच असतात, आणि माताजी त्यांच्याशीच बोलतात. बाकीच्यांच्या गाड्या आधीच पुढच्या मुक्कामी गेलेल्या असतात. म्हणजे आक्काशी दोन शब्द बोलायचे तर पुलापर्यंत चालायला हवं. राजमतीला तिला एकच गोष्ट विचारायची होती. एकोणीस वर्षं ती गोष्ट तिच्या आत होती आणि अजून कुणापुढं तिनं तोंड उघडलं नव्हतं.

पण चालायला बंदी. दसऱ्याच्या आधी बस्तीकडं जाताना गल्लीत उभ्या असलेल्या टेम्पोच्या उघड्या फाळक्यावर तिचं कपाळ आपटलं होतं, आणि पडताना उजवं मनगट मोडलं होतं. सगळ्या पेठेला दिसला तो फाळका हिला दिसला नाही, कारण ही खाली बघत चालते. लहानपणी अव्वानं, आईनं, दोघी बहिणींना तसंच शिकवलेलं. चार हात पुढं नजर ठेवायची, जीव बघून पाय टाकायचा. लग्नानंतर सासूबाईंना सुनेची खाली घातलेली मान आवडायचीच, त्यामुळं धर्म आणि रीत दोन्ही एकाच मानेनं निभावली. बासष्ट वर्षांच्या राजमतीनं लग्नानंतर कोल्हापूरच्या रस्त्यांवरचे खड्डे, शेण, नळाची झाकणं आणि मुंग्यांच्या रांगा जेवढ्या पाहिल्या, तेवढी माणसांची तोंडं पाहिली नसतील. मनगट जुळलं, पण साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज चालायला हवं. जिनेंद्र म्हणाला, "चाल की, पण घरात." चार दिवसांनी तीन माणसांनी मिळून ते काळं धूड मधल्या खोलीत आणून ठेवलं. पोरगा वाईट नव्हता. आईवर त्याचा जीव होता, आणि जीव असलेल्या माणसाशी भांडता येत नाही ही तर खरी अडचण होती. माताजींच्या विहाराचा विषय निघाला तेव्हा त्यानं अट घातली. पुलापर्यंत चाळीस मिनिटं लागतात. मशीनवर चाळीस मिनिटं, दांडी न धरता, न थांबता, नीट पद्धतीनं चालून दाखव. मग रविवारी मी स्वतः तुला बस्तीत सोडतो आणि पुलावरून गाडीनं आणतो.

तर आज शनिवार. सकाळचे साडेसात. राजमती मशीनच्या दोन्ही कडांवर, पट्ट्याला पाय न लावता, उभी होती. अंगात रूपालीचा सैल पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. जन्मात पहिल्यांदा बूट घातले ते दोन महिन्यांपूर्वी, आणि पदर नाही म्हणून आजही तिचा हात राहून राहून खांद्याकडं जात होता. व्यायाम शिकवायला तेजस्वी यायची. शिवाजी पेठेतली फिजिओथेरपीवाली पोरगी, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला ऐकू जावा. पहिल्याच दिवशी राजमती सरळ पट्ट्यावर उभी राहून बटण दाबायला गेली, तशी ती ओरडली होती, "ओ काकू, पट्ट्यावर उभं ऱ्हाऊन चालू करायचं नसतंय! कडंला उभं ऱ्हावा. आधी दोरी लावा अंगाला. पट्टा हळू फिराय लागला की मग एक पाय, मग दुसरा. घाई कुणाची हाय?" मशीन भिंतीकडं तोंड करून ठेवायचंही तिनंच सांगितलं. मागं सहा फूट जागा मोकळी पाहिजे, माणूस फेकला गेला तर कशावर आपटायला नको. त्यामुळं राजमतीच्या पुढ्यात भिंत आली. पिस्ता रंगाची, मध्ये कॅलेंडरचा एक रिकामा खिळा. मोजून चार हातांवर. नजर जिथवर न्यायची असं अव्वानं शिकवलेलं, तिथं नेमकी ती संपत होती.

तिनं चिमटा कमरेपाशी कुर्त्याला लावला, दोरी एकदा ओढून बघितल्यासारखं केलं पण ओढली नाही, आणि बटण दाबलं. पट्टा कुरकुरत निघाला. एक पाय, मग दुसरा. पहिली पाच मिनिटं फक्त अंग गरम करायला. मशीनवर दोनचा आकडा, चाल इतकी सावकाश की देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. त्याआधी जमिनीवर उभ्यानं खांदे फिरवून झाले होते, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणून झाल्या होत्या. तेजस्वी म्हणायची, थंड अंगानं जोरात निघालं की पोटरी धरते, काळीज घाबरतंय. शरीराला आधी सांगाय लागतंय, आता निघायचं म्हणून. राजमतीला ते ऐकून तेव्हा नवल वाटलं होतं. तिच्या शरीराला आजवर कुणी काही सांगितलं नव्हतं, नुसतं बोलावलं होतं. रूपाली दारात येऊन बघून गेली. शेजारच्या स्टुलावर उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आई, आज मुंगी येत न्हाई बघा. हळद हाय." राजमतीनं मान हलवली. आज मुंगी येणार नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

सहाव्या मिनिटाला तिनं वेग वाढवला. एकदम नाही, अर्ध्या अर्ध्यानं. अडीच, तीन, साडेतीन. हात मोकळे सोडले आणि चालीबरोबर ते आपोआप पुढंमागं होऊ लागले. दांडी धरायची नाही. "दांडी धरून चालणं म्हणजे चालणं न्हवं, लोंबकळणं," असं तेजस्वीचं मत. आणि मान वर. सगळ्यात अवघड ते. पट्ट्याकडं बघितलं की गरगरतं, जमीन मागं पळते आणि पाय कुठं पडतोय त्याचा अंदाज चुकतो. पहिल्या आठवड्यात राजमती दर दोन मिनिटांनी खाली बघायची, भोवळ यायची, दांडी धरायची. तेजस्वी कपाळावर हात मारून घ्यायची. "काय हुडकताय खाली काकू? काय पडलंय का तुमचं?" जीव आहेत का बघते, असं सांगितल्यावर मात्र पोरगी खरोखरच वाकून पट्टा वरून खालून बघून म्हणाली, "रबर हाय की हो नुसतं. हितं कोण मरत न्हाई. बघा समोर." इथं कोणी मरत नाही, हे खरं होतं. इथं पायाखाली काहीच येत नाही आणि पाय कुठंच पोचत नाही. रोज चालून चालून राजमती दिवसाला दोन-अडीच किलोमीटर त्या खिळ्याच्या दिशेनं गेली होती, आणि खिळा होता तिथंच होता. आणि तिला ते आवडू लागलं होतं. ही गोष्ट तिनं स्वतःपाशीही धडपणे कबूल केली नव्हती.

बारा मिनिटं. घाम कानामागून मानेवर उतरला. श्वास वाढला होता पण बोलता येईल इतपत होता. बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा, ही आणखी एक खूण तेजस्वीनं दिलेली. राजमतीनं हळू आवाजात नमोकार मंत्र म्हणून बघितला. आला, पाचही ओळी आल्या. पण त्याच्या मागून मनात बांध आला. गावाकडचा, सीमेकडच्या त्यांच्या गावचा उसातला बांध, शाळेची वाट. आक्का पुढं, ती मागं. बांध एका माणसापुरताच. अव्वाचं ऐकून दोघी खाली बघत चालायच्या, म्हणजे आक्का जमिनीकडं बघायची आणि राजमती आक्काच्या टाचांकडं. पावसाळ्यात चिखलानं माखलेल्या, उन्हाळ्यात चिरलेल्या, डाव्या टाचेवर खुरप्याचा जुना व्रण. आक्काचं तोंड डोळ्यांपुढं आणायचं म्हटलं तर तिला आजही जरा कष्ट पडायचे, टाचा मात्र पाठ होत्या. आक्का पुढं चालली आहे म्हणजे वाट बरोबर आहे, साप असला तर आधी तिला दिसेल. शाळेत आक्काचा पहिला नंबर, घरात आक्काच्या हातच्या भाकरीचं कौतुक, बस्तीत आक्काचा गळा. राजमतीचा कशातच नंबर नव्हता, पण त्याचं तिला वाईट वाटायचं नाही. निदान तेव्हा वाटत नव्हतं. पुढं कधीतरी वाटायला लागलं आणि मग त्याला काही अंतच राहिला नाही.

आक्काचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. सासरी कुणी ठेवून घेतलं नाही, माहेरी भावजय बोलेना. एकवीस वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, आक्का एक पिशवी घेऊन इथं या घरात आली. चार दिवस राहिली. चार दिवसांत सासूबाई तिच्या भक्त झाल्या. "राजमती, बहीण बघ तुजी. किती शांत. आवाज न्हाई बाईचा." जिनेंद्र दहावीत होता, कुणाचं ऐकायचा नाही, तो आक्कापाशी बसून गणितं सोडवायला लागला. राजमती स्वयंपाकघरात उभी राहून बाहेरचं ते हसणं ऐकत होती आणि फोडणी जळली तेव्हा कळलं की तिचे दात घट्ट मिटलेले आहेत. चौथ्या दिवशी दुपारी आक्का मेथी निवडत बसली होती. पान न् पान उलटून, जीव आहे का बघून. खाली बघतच म्हणाली, "राजू, काही दिवस हितं ऱ्हाऊ का? तिकडं मला लई जड जातंय." आक्कानं जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. राजमती म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते." आक्का म्हणाली, "विचार की. घाई न्हाई." आणि राजमतीनं विचारलं नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. नवरा समोर बसून चहा पीत होता, एका वाक्याचं काम होतं. आक्काला ती नजरेनंच सांगत राहिली की अजून जमलं नाही, घरात माणसं आहेत, वेळ बघून विचारते. दुपारी आक्कानं पिशवी भरली. जाताना पुन्हा विचारलंही नाही. पुढं सहा महिन्यांनी कळलं, ती संघाबरोबर राहते. त्याच्या पुढच्या वर्षी दीक्षा.

वीस मिनिटं झाली. अर्धी वाट. पोटऱ्या आता गरम झाल्या होत्या, पाय आपोआप पडत होते. लोक म्हणाले, केवढं वैराग्य. घराण्याचं भाग्य. दीक्षेला हजारोंचा मांडव पडला होता. दीक्षेच्या आधी घरच्या एकेकाची क्षमा मागायची असते. आक्का भावापुढं गेली, भावजयीपुढं गेली, सगळ्यांपुढं हात जोडत जोडत राजमतीपुढं आली. "राजमती, माझं काही चुकलं असंल तर क्षमा कर." राजमतीनं म्हणायचं ते म्हटलं, "उत्तम क्षमा." घडाघडा, शाळेत म्हणतात तसं. उलटून आपण क्षमा मागावी हे तिला सुचलंही नाही असं ती वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आली, पण सुचलं होतं. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. मग आक्का पाटावर बसली आणि आपल्या हातानं डोक्यावरचे केस उपटायला लागली, मूठमूठभर. मांडवातल्या बाया रडत होत्या, राजमती खाली बघत होती. तिला पाटावरून खाली आलेल्या दोन टाचा दिसत होत्या. त्या दिवसापासून तो प्रश्न. तुझं वैराग्य खरं होतं का आक्का, की माझ्या घरात तुला जागा मिळाली नाही म्हणून तू रस्ता धरलास? एकोणीस वर्षं तू उन्हातान्हातून अनवाणी चालतेस, दिवसातून एकदा ओंजळीत पडेल तेवढं जेवतेस, ते मोक्षासाठी की माझ्या एका न विचारलेल्या वाक्यासाठी?

पंचवीस. सव्वीस. आकडे हिरव्या उजेडात बदलत होते. तिच्या डाव्या कुशीत बारीक कळ आली आणि गेली. तिनं तांब्याकडं बघितलं नाही. विचारायचं, पण आक्का हो म्हणाली तर? पुलाजवळच्या दगडावर बसून शांत चेहऱ्यानं, हो राजमती, तुझ्यामुळंच, असं म्हणाली तर पुढं काय करायचं? घरी यायचं आणि चपात्या लाटायच्या? आणि नाही म्हणाली तर? तुझा काय संबंध, मी तर लहानपणापासून याच वाटेवर होते, तू विचारलं असतंस तरी मी राहिले नसते, असं म्हणाली तर? राजमतीला घाम फुटलेला असूनही अंगावर शहारा आला. कारण या 'नाही'ची तिला 'हो'पेक्षा जास्त भीती वाटत होती, हे तिला या क्षणी, सत्ताविसाव्या मिनिटाला, लख्ख कळलं. एकवीस वर्षं उरी बाळगलेला अपराधही आपला नव्हता म्हणजे आपण आक्काच्या आयुष्यात कुणीच नव्हतो. नुसत्या मागून चालणाऱ्या. म्हणूनच तर ती दरवेळी चुकवत आली होती. संघ सांगलीला होता तेव्हा सासूबाई आजारी होत्या. बाहुबली तीर्थाच्या डोंगरावर होता तेव्हा जिनेंद्राचं लग्न होतं. मग मनगट. मग साखर. मग हे मशीन. अटी दुसरे घालत होते, पण प्रत्येक अट तिनं घरात आलेल्या पाहुण्यासारखी आत घेऊन बसवली होती. तिला कुणी कोंडलं नव्हतं. तीच दाराला आतून टेकून उभी होती.

तीस. कालच्यासारखाच तिचा हात कमरेकडं गेला. दोरी बोटांना लागली. काल इथंच, अगदी इथंच, पट्ट्यावर काहीही नव्हतं. मुंगी नव्हती, मुंगीची सावली नव्हती. तिनं खाली बघितलंच नव्हतं, समोरच बघत होती. फक्त अजून नऊ मिनिटं झाली तर रविवारी जावं लागेल एवढं तिच्या मनात आलं आणि दोरी ओढली गेली. आणि वर मुंगीचं नाव. एका जिवाच्या नावावर तिनं खोटं खपवलं होतं आणि घरातल्यांनी त्या खोट्याभोवती हळदीची रेघ ओढली होती. बोटं दोरीवर होती. एक हिसका, की सुटका. आज काय सांगायचं तेही तयार होतं. छातीत दुखलं, हे शब्द नुसते उच्चारायचा अवकाश, जिनेंद्र आयुष्यात पुन्हा चालायचं नाव काढू देणार नाही. पट्टा चालत होता. डावा, उजवा. तिला रडू यायला लागलं. रडताना श्वास चुकतो आणि पाय अडखळतात, म्हणून तिनं रडणं गिळलं, आणि गिळता गिळता एकतीस झाली, बत्तीस झाली. ते काही मोठं धाडस नव्हतं. दोरी ओढायला जेवढं बळ लागतं तेवढंही तिच्यात त्या वेळी उरलं नव्हतं इतकंच. हात खाली आला आणि पुन्हा चालीबरोबर हलायला लागला.

पस्तिसाव्या मिनिटाला तिनं वेग उतरवायला सुरुवात केली. तीन, अडीच, दोन. एकदम थांबायचं नाही, पायात उतरलेलं रक्त वर यायला वेळ द्यायचा, नाहीतर चक्कर येते. रूपाली दारात येऊन उभी होती, तोंडभर हसत. चाळीस. पट्टा थांबला. राजमती आधी कडेला उभी राहिली, चिमटा काढला, मग एक पाय खाली फरशीवर ठेवला. फरशी मागं सरकल्यासारखी झाली. ती तशीच क्षणभर दांडी धरून उभी राहिली. रूपालीनं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर जिनेंद्र होता. "शाब्बास आई! बघितलं मी हितं मोबाईलवर, मशीनच्या ॲपात. चाळीस मिनिटं, मुंगी न्हाई काय न्हाई. भारीच की." राजमती म्हणाली, "मग उद्या?" पलीकडं कारखान्यात काहीतरी धडधडत होतं. "उद्याचं काय आई, परवानगी माझी हाय, मी न्हाई म्हणतच न्हाई. फक्त डॉक्टरांना एकदा फोन करतो. विचारून सांगतो तुला." राजमतीनं फोन कानापासून काढला आणि त्याच्याकडं बघत राहिली. पोरगा खोटं बोलत नव्हता कदाचित. कदाचित खरंच फोन करेल. पण ते तीन शब्द कशाचे बनलेले असतात हे तिच्याइतकं या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

ती बूट न काढताच पुढच्या सोप्यात गेली. बाहुबली, तिचा नवरा, आरामखुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. भुसार मालाचं दुकान भाच्याकडं दिल्यापासून सकाळची त्याची ही बैठक ठरलेली. सरळ माणूस, बोलायला कमी. बायको घामानं निथळत, ओढणीशिवाय समोर येऊन उभी राहिली तसा तो जरा गोंधळला.

"झाली का चाळीस?"

"झाली. अहो, एक विचारू तुम्हांला?"

"विचार की."

"आक्का आलती बघा. जिनूच्या दहावीच्या साली. थंडीत. चार दिवस हुती."

"व्हय. मेथी निवडायची लई बारकाईनं."

"ती हितं ऱ्हाऊ का म्हणत हुती." राजमतीचा आवाज फाटला. "मी म्हणलं, ह्यांना विचारून सांगते. मी तुम्हांला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणला असता?"

अडकित्ता थांबला. बाहुबलीनं सुपारीचं अर्धं खांड तळहातावर घेतलं आणि त्याच्याकडं बघत म्हणाला, "त्यात म्हणायचं काय? ऱ्हावा म्हणलो असतो. आईच्या तर मनात हुतंच की. मी म्हणलं, राजमतीची बहीण हाय, तिनं तोंड उघडू दे. तू बोललीच न्हाईस. मला वाटलं, तुझ्या मनात नसंल."

तो ते सुपारीचं खांड बोटानं फिरवत राहिला, आणि मग कुणीतरी आतून ढकलल्यासारखा पुन्हा बोलला.

"आक्कांनी पण विचारलंतं मला. एसटी स्टँडवर सोडाय गेलतो न्हवं का मी. गाडीत चढताना म्हणाल्या, राजमती काय बोलली का तुमच्याशी माझ्याबद्दल? मी म्हणलं, न्हाई, काय न्हाई. बरं म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या."

सोप्यात ऊन आलं होतं. रस्त्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल कॅन वाजवत गेली. राजमती समोरच्या भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली, बुटासकट पाय पुढं पसरून. म्हणजे आपण विचारलंच नव्हतं हे आक्काला ठाऊक होतं. गाडीत बसताना ठाऊक होतं, मांडवात हात जोडून समोर उभी राहिली तेव्हाही ठाऊक होतं. सगळं ठाऊक असताना तिनं क्षमा मागितली होती, आणि ही उत्तम क्षमा म्हणून मोकळी झाली होती. एकोणीस वर्षं राजमती एक प्रश्न घेऊन बसली होती आणि आता त्या प्रश्नाचं काही राहिलंच नव्हतं. आक्का हो म्हणाली काय, नाही म्हणाली काय. विचारायचं संपलं होतं. मी विचारलं नाही, आक्का, मला विचारायचं नव्हतं, एवढं सांगायचं उरलं होतं. ते रांगेत गुडघे टेकून सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि गाडीतून उतरून तर नव्हतंच. छातीत इतकं दुखलं की तिला वाटलं हे खरंच डॉक्टरला दाखवायचं दुखणं आहे, आणि मग वाटलं, नाही, हे ते नव्हे.

बाहुबली खुर्चीतून उठून तिच्याजवळ आला होता. काय करावं न कळून त्यानं तिच्या बुटाची नाडी सोडायला घेतली. चाळीस वर्षांत त्यानं तिच्या पायाला कधी हात लावला नव्हता.

"उद्या पाचला उठवा मला," राजमती म्हणाली. "मी चालत जाणार हाय. पुलापत्तूर."

"जिनूला विचारलंस?"

"न्हाई," राजमती म्हणाली.